सायलेन्सरची मारबत

वर्तमानपत्रात अधूनमधून एक फोटो येतो. रस्त्यावर बुलेटचे जप्त केलेले कर्कश सायलेन्सर ओळीनं मांडलेले, त्यांच्यावरून रोडरोलर चाललेला आणि बाजूला पोलीस अधिकारी कॅमेऱ्याकडे बघत उभे. शहर कोणतंही असो, फोटो तोच. परवा असाच एक फोटो तर्री-पोह्यांच्या गाडीवर हातोहात फिरला आणि आमच्या पन्नाशी-साठीतल्या टोळक्याचे उभे दोन तुकडे झाले. एक म्हणे, "बरं झालं. या पोट्ट्यायच्या गाड्यायवरूनच रोलर फिरवाले पाहिजे." त्यावर दुसरा, "काहून बे, तू काय केलं होतं राजदूतचं? विसरला?" मग अर्धा तास हाच खेळ. एका बाजूला 'आजकालची पोरं वाया गेली', दुसऱ्या बाजूला 'आपण नाही का केलं, वय असतं ते'. पोहे संपले, वाद तिथेच राहिला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या. शिक्षा आवाजाला हवी, भर वस्तीतल्या वेगाला हवी, दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्याला हवी. गाडीला पाना लावणं हा मुळात गुन्हा नाही, आणि तो तसा समजला जाऊ लागला तर खरे गुन्हे त्याच्या आडून सुटतात. राहिल्या आपल्या तरुणपणाच्या आठवणी. त्या गोड आहेत, पण या खटल्यात त्यांना साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही. त्या दोन्ही बाजूंनी खोटं बोलतात.

नागपूरकराला हा रोलरचा विधी ओळखीचा वाटायला हरकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं काढतो. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ काढत आलो. बडग्यांचे पुतळे करतो, त्यांच्या गळ्यात त्या-त्या वर्षीच्या रोगराईच्या, महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या पाट्या अडकवतो, 'घेऊन जा गे मारबत' ओरडत मिरवतो आणि जाळून मोकळे होतो. मला मारबत मनापासून आवडते, कारण ती बघून घरी जाणारा कोणीही असं समजत नाही की उद्या बाजारात डाळ स्वस्त मिळेल. रोलरच्या फोटोचं तसं नाही. तो 'धडक कारवाई' म्हणून छापला जातो आणि आपण तो खरा मानतो. चेपलेल्या पत्र्याकडे बघून कोणी विचारतं का, की हा सायलेन्सर बनवला कोणी, दुकानात टांगून विकला कोणी, बसवून दिला कोणी? त्यांच्यापैकी एकाचाही फोटो येत नाही. पुढच्या महिन्यात त्याच दुकानातून तेवढेच सायलेन्सर पुन्हा रस्त्यावर येतात, पुन्हा रोलर, पुन्हा फोटो. मारबत निदान वर्षातून एकदाच असते.

आता माझी कबुली. माझी पहिली गाडी येझदी. १९८८ साल, कॉलेजचं दुसरं वर्ष, आधी तीन मालक बघून झालेली गाडी, पाच हजार रुपये. त्यातले तीन आजोबांनी बाबांना न सांगता दिलेले. येझदीला सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि गिअरचा दांडाच वर वळवला की त्याची किक होई. नवख्याला ते जमत नसे, म्हणून मैत्रिणींसमोर ते सहज करून दाखवण्यात फार मोठेपणा होता. सायलेन्सरच्या शेपटाशी एक नट. तो सोडवला की आतली जाळी बाहेर ओढता येई. जाळी म्हणजे भोकं पाडलेली लांब नळी, टू-स्ट्रोकच्या जळक्या ऑइलनं काळी आणि चिकट झालेली. रीतसर काम असं, की ती अधूनमधून काढायची, रॉकेल टाकून पेटवायची, काजळी जळून गेली की तारेच्या ब्रशनं घासायची आणि परत बसवायची. आम्ही शेवटची पायरी गाळत होतो. मग रात्री नऊनंतर शंकरनगर चौकातून एलएडी कॉलेजपुढून लॉ कॉलेज चौक, तिथून रविनगर आणि फुटाळा. कॉलेज त्या वेळी बंद असे, मुली केव्हाच घरी गेलेल्या असत. तरी गाडी तिथूनच न्यायची.

गंमत अशी, की त्यानं गाडी पळत नव्हती. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेल्या वायूपाठोपाठ थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं, आणि पुढच्या नळीच्या रचनेमुळे दाबाची जी लाट उलटी फिरते ती त्यातलं काही पुन्हा आत ढकलते. ती रचना मोडली की चढावर गाडी दमायला लागते. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही, सेमिनरी हिल्सच्या चढानं आणि सदरमधल्या एका मिस्त्रीनं शिकवलं. त्यानं कान देऊन गाडी ऐकली, बिडी विझवली आणि म्हणाला, "भाऊ, गाडी पयत नाही तुमची. नुसती बोंबलते." जाळी परत बसवायला त्यानं पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी त्याच्याकडे रविवारी जाऊन बसू लागलो. कार्ब्युरेटर उघडणं, पॉइंट साफ करून गॅप लावणं, प्लगचा रंग बघून इंजिनची तब्येत ओळखणं, सगळं तिथं शिकलो. प्लग चॉकलेटी असला तर बरं, काळा आणि ओला असला तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढुरका असला तर गाडी तापते आहे. पुढे आयुष्यात अनेक परीक्षा दिल्या. कामाला ही विद्या आली.

इथपर्यंतची गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली आहे. पुढची सांगत नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, रामनगरच्या बाजूनं येताना, मी एका दूधवाल्याच्या सायकलला धडकलो. सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन टांगलेले. धुकं होतं हे खरं, पण मी साठच्या पुढे होतो हेही खरं. रस्ताभर दूध झालं. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं आणि माझं गुडघ्यावर खरचटण्यावर भागलं. बाबा त्याच्या घरी गेले, पैसे दिले, मिटलं. तो माणूस दीड महिना रतीब घालू शकला नाही. त्याच्या ठिकाणी त्याची बारा-तेरा वर्षांची पोरगी यायची, कॅन दोन्ही हातांनी उचलून. आमच्या ग्रुपात या प्रसंगाला 'दुधाचा अभिषेक' म्हणतात आणि अजून हसतात. मीही हसतो. त्या माणसाचं नाव मला तेव्हा ठाऊक होतं. आज आठवत नाही. येझदीचा नंबर मात्र तोंडपाठ आहे.

म्हणून म्हणतो, आठवणी साक्षीला नकोत. 'आम्हीही केलं, काही बिघडलं नाही' असं म्हणणारा स्वतःचं काही बिघडलं नाही एवढंच सांगतो. ज्यांचं बिघडलं ते पोह्यांच्या गाडीवर गप्पा मारायला आलेले नसतात. आणि 'आमच्या काळी असं नव्हतं' म्हणणारा तर सरळच 'आपला तो बाब्या' करतो. १९८५ साली यामाहा आरएक्स १०० आली तेव्हा तिच्या आवाजाला शिव्या घालणारे काका लोक मला स्पष्ट आठवतात. आता तीच गाडी जुनी म्हणून लाखाच्या बाता होतात आणि तोच आवाज 'संगीत' झाला आहे. आवाज तोच, ऐकणाऱ्याचं वय बदललं.

आता रोलरवाल्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. धंतोलीत किंवा रामदासपेठेत रात्री आपलं माणूस दवाखान्यात ठेवून खाली बाकावर बसलेल्याला विचारा, बुलेटचा एक 'फटाका' म्हणजे काय असतं. तो फटाका काही आपोआप फुटत नाही. चालत्या गाडीत क्षणभर इंजिनचं बटण बंद करायचं, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत साचू द्यायचं, बटण पुन्हा चालू करायचं, धाड. हे हौशीचं लक्षण नाही, दुसऱ्याच्या छातीत धडकी भरवण्याची मजा आहे. कायद्यानं शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल ठेवली आहे, निवासी भागात ४५. डेसिबलची पट्टी साधी नाही: दहानं आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 'थोडा मोठा' असं त्यात काही नसतं. रस्त्यावरच्या मरणांचं तर बोलायलाच नको. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यांत दुचाकीवरची जवळपास ४४ टक्के, आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यात. या आकड्यांपुढे 'वय असतं ते' म्हणणाऱ्याची मला लाज वाटते. त्यात मी पूर्वी होतो म्हणून जास्तच वाटते.

पण हेच आकडे नीट वाचले तर रोलर कुठे फिरवायचा हे कळतं. माणसं वेगानं मेली. तो वेग आला कुठून? माझी येझदी बोंबलत होती. आरएक्स १०० च्या इंजिनाची ताकद ११ हॉर्सपॉवर होती, आणि राजदूत ३५०, जिला आम्ही राक्षस म्हणत होतो, तिची तीसच्या आसपास. आज १८ वर्षं पूर्ण झालेल्या पोराला चाळीसहून जास्त हॉर्सपॉवरची केटीएम ३९० शोरूममधून हप्त्यावर मिळते, लायसन्स त्याला नुकतंच मिळालेलं. तिला कोणी पाना लावलेला नसतो. जाहिरातीत ती घाटातून गुडघा टेकवत वळते आणि खाली मुंगीच्या अक्षरांत लिहितात, 'हे तज्ज्ञांनी बंद रस्त्यावर केलं आहे, अनुकरण करू नका'. त्या जाहिरातीवरून कोणी रोलर फिरवल्याचं ऐकलंय? १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला ज्या गाडीनं दोन तरुण इंजिनिअर मारले, ती गल्लीतल्या गॅरेजात तयार झालेली नव्हती. नोंदणीसुद्धा व्हायची होती इतकी नवीकोरी, आणि चाकावर सतरा वर्षांचा मुलगा. त्याला सुरुवातीला काय शिक्षा झाली तेही आपण विसरलो नाही: तीनशे शब्दांचा निबंध. तिकडे नागपूरच्या एखाद्या पोट्ट्याचा चार हजाराचा सायलेन्सर चौकात चेपला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर हा पोट्टा काही संन्यासी नव्हे, पण चोराची जात ओळखायला काय हरकत आहे? आणि वेगाचं कौतुक फक्त पोरांनाच आहे का? समृद्धी महामार्गाची पहिली जाहिरात कशाची होती? मुंबई आठ तासांत. रस्ता किती सुरक्षित, ही चर्चा सुरू व्हायला १ जुलै २०२३ ची सिंदखेडराजाजवळची बस आणि पंचवीस मृत्यू लागले.

कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी कोणी तो वाचलेला दिसला नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीपत्रावरचा तपशील आणि कंपनीनं ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडक लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं १८२अ कलम बदललं: बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात १९० वं कलमही आहे. आवाजाची आणि धुराची मानकं मोडणारी गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. रस्त्यावर शर्यत लावली तर १८९ वेगळं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर १९९अ: पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे नेमक्या अपराधासाठी नेमकी हत्यारं कायद्याच्या पेटीत आधीच आहेत, आणि 'बदल केला' यापेक्षा 'आवाज केला' याचा दंड मोठा आहे. मग आपण पेटीतला हातोडाच का काढतो? कारण तो सोपा आहे. सायलेन्सर वेगळा आहे हे डोळ्यांना दिसतं. आवाज मोजायला यंत्र लागतं, ते वापरणारा माणूस लागतो, नोंद लागते. दिसतं ते पकडायचं.

आणि 'बदल म्हणजे गुन्हा' हे सूत्र शब्दशः धरलं तर कोण-कोण सापडेल? पाय गेलेल्या माणसाच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवलेली आपण रोज बघतो. तो बदलच आहे. कायद्यानं त्याला रीतसर वाट ठेवली आहे, सीएनजी किटला ठेवली आहे, इंजिन बदलायलाही परवानगी घेऊन वाट आहे. ज्या फियाट आणि अँबेसेडर गाड्यांनी नागपूरच्या दोन पिढ्यांना लग्नाला आणि दवाखान्यात नेलं, त्यांतल्या किती शेवटपर्यंत कारखान्यातून आल्या तशा होत्या? पेट्रोल परवडेना म्हणून अँबेसेडरच्या पोटात डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री तेव्हा गावोगाव होते. तेव्हा प्रश्न बदलाचा कधीच नव्हता. बदल तपासून घेतला की नाही, एवढाच होता. तपासायला नेण्याची वाट आरटीओत सामान्य माणसाला सोपी केली, तर निम्मा चोरटेपणा तिथेच संपेल. आज पोट्टा गाडी दाखवायला नेणार कुठे? दाखवायला नेली तर दंड, लपवली तर वाचला.

इथे मला माझ्याच बाजूच्या एका भंपकपणाबद्दल बोलायचं आहे. 'पोरांची यंत्राची आवड मारू नका' हा युक्तिवाद आम्ही जुने लोक फार डोळ्यांत पाणी आणून करतो. माझ्या भाच्याकडे जुनी साडेतीनशेची बुलेट आहे. सायलेन्सर त्यानं मोबाइलवरून मागवला, दुकानात बसवून घेतला, वीस मिनिटांचं काम. मी विचारलं, "आत काय आहे रे याच्या?" म्हणाला, "मामा, काहीच नाही. म्हणूनच तर वाजतो." उत्तर बरोबर होतं, पण ते त्याला उघडून कळलेलं नव्हतं, विकणाऱ्यानं सांगितलं होतं. त्यानं आजवर प्लग काढून पाहिलेला नाही. हा यंत्राचा नाद नाही, ही खरेदी आहे. ग्राहकाला कारागीर समजून त्याच्या बाजूनं गहिवरण्यात अर्थ नाही. यात सगळा दोष त्याचा, असंही नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधन किती सोडायचं ते संगणक ठरवतो, सायलेन्सरच्या वाटेत विषारी वायू निवळणारा कन्व्हर्टर असतो. तो नुसता आवाजासाठी काढून फेकला तर धूर वाढतो, आणि हे पाप माझ्या जाळीपेक्षा मोठं. जुन्या गाड्या उघडून घेत होत्या, नव्या घेत नाहीत. तरीही जो पोट्टा खरंच उघडून बघतो, ब्रेक सुधारतो, जुनी आरएक्स कबाडातून उचलून जिवंत करतो, त्याला आणि या ग्राहकाला एकाच रोलरखाली घालणं मला पटत नाही. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला चार वर्षांच्या पोराच्या हाती चाकांचा लाकडी बैल देतात. पहिली गाडी तीच. त्याच्या शिंगांना रंग देतात, झूल शिवतात, घुंगरं बांधतात, आणि सगळ्यांत चांगल्या सजावटीला बक्षीस असतं. कंपनीनं दिला तसाच ठेव, असं त्या दिवशी कोणी म्हणत नाही.

बैलांवरून शंकरपट आठवला, आणि या वादात मला सगळ्यांत उपयोगी दाखला तोच वाटतो. विदर्भात पट म्हणजे काय हे तळेगाव दशासरच्या मैदानाशेजारी एकदा तरी उभा राहिलेल्याला सांगावं लागत नाही. जोडी सुटते, सेकंदांचा हिशेब होतो, धूळ खाली बसेपर्यंत पैजा बदललेल्या असतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. कारण खरं होतं: तुतारीचे, म्हणजे टोचणीच्या काठीचे, खिळे, विजेचे झटके, शेपट्या पिळणं, हे सगळं चालत होतं. मग काय झालं? शौक थांबला का? कुठे चोरून, कुठे रात्री, कुठे पोलीस पोचायच्या आत उरकून, पट चालूच होते, आणि चोरून चाललेल्या शर्यतीत बैलाची कीव कोण करणार? महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ते कायदे मान्य केले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यक जनावर बघतो, काठी-झटका बंद. सगळीकडे अटी पाळतात असा माझा दावा नाही. मी गावचा आहे, आंधळा नाही. पण उघड्यावर चाललेली गोष्ट बघता येते, थांबवता येते, आयोजकाला पकडता येतं. चोरट्या शर्यतीत पकडायला आयोजकच नसतो.

कोणी म्हणेल, बैल आणि बुलेट कशाला एका दाव्याला बांधता? बांधत नाही. बैलाला शर्यत नको असू शकते, बुलेटला मत नसतं. उलट माझी बाजू सोपी होते. आणि हा प्रयोग गाड्यांवरही होऊन गेला आहे. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात पोरं फोर्डच्या जुन्या गाड्यांचे मडगार्ड उतरवून, इंजिनं खोलून, मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या तळावर पळवत. १९३७ मध्ये त्यांनीच संघटना करून वेळ मोजायला आणि नियम लावायला सुरुवात केली. महायुद्ध संपल्यावर हाच नाद शहरांच्या रस्त्यांवर उतरला, माणसं मेली आणि 'हॉट रॉड' ही शिवी झाली. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना काढली आणि १९५३ मध्ये पोमोना इथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. पोमोनाच्या पोलिसांतला एक सार्जंट पुढे याच कामासाठी देशभर फिरला. रस्त्यावरच्या शर्यती त्यानं संपल्या नाहीत, पण ज्याला खरंच वेग अजमावायचा होता त्याला जायला जागा झाली. आणि अमेरिका दूर वाटत असेल तर मद्रासजवळचं शोलावरम घ्या. दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी. तिच्यावर काही दशकं देशातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यती झाल्या. हेल्मेट, गाडीची तपासणी, कडेला रुग्णवाहिका. दुधाच्या सायकली तिथं नव्हत्या.

विरोधात सगळ्यांत वजनदार मुद्दा पोलिसांच्या बाजूचा आहे आणि तो टाळणार नाही. चौकातला हवालदार मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभा असतो. त्यानं डेसिबल मोजत बसायचं की गाड्या सोडायच्या? कबूल. म्हणून मोजणी चौकात नकोच. दर गाडीला ठरावीक मुदतीनं पीयूसी लागतेच. तिथं धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत. का? कारखान्यातून निघणाऱ्या दुचाकीला आवाजाची मर्यादा आधीच आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यापुढे ८०. गाडी शोरूममधून बाहेर पडली की ही मर्यादा आयुष्यात परत कोणी विचारत नाही. पीयूसीच्याच टपरीत आवाजाचं यंत्र ठेवा. गाडी पास झाली नाही तर कागद नाही, कागद नाही तर दंड बसेल. मग पोट्टा सायलेन्सर स्वतः काढेल, रोलरचं भाडं वाचेल. पीयूसीपुरता जुना सायलेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलणारे निघतील, हेही दिसतं मला. आम्ही तेच केलं असतं. त्यांच्यासाठी १९० वं कलम आहे, आणि मोजके लोक उरले की हवालदारालाही एखादं यंत्र पुरतं. 'बोट दिलं की हात धरतात' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, आज कोणतं बोट तुम्ही आवरून धरलंय? सायलेन्सर उघड्यावर टांगून विकायला ठेवलेले आहेत.

हे सगळं पोह्यांच्या गाडीवर बोलून झाल्यावर राजदूतवाला मित्र म्हणाला, "तू भाच्याले सांग न मंग." बरोबर होतं त्याचं. रविवारी भाच्याला घेऊन पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसी व्हॅनपाशी गेलो. त्याची मुदत तशीही संपली होती. बुलेट उभी राहिली तेव्हा शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. व्हॅनमधल्या पोरानं कानात बोट घातलं, दुसऱ्या हातानं नळी सायलेन्सरमध्ये सरकवली, नंबरप्लेटचा फोटो घेतला आणि पडद्याकडे बघत बसला. मी विचारलं, "बाबू, आवाज नाही का मोजत?" तो म्हणाला, "आवाजाची मशीन नाही ना काका. धुराचीच आहे." कागद निघाला. गाडी पास होती. भाच्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, माझ्याकडे बघून हसला आणि चौक ओलांडण्याआधी एक फटाका फोडून गेला.